अडुसष्ट लिंगं आणि दोन गुडघे

मैत्रिणींनो, सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चादर, शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि मे महिन्यातलं डोकं भणभणवणारं ऊन! बाहेरगावचा पाहुणा स्टेशनवर उतरतो, रिक्षानं सिद्धेश्वराच्या देवळात जातो, भुईकोट किल्ला बघतो, नवी पेठेत दोन चादरी आणि अर्धा डझन टॉवेल घेतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. ‘सोलापूर पाहिलं’ असं घरी सांगायला मोकळा!

मी आज तुम्हाला हेच गाव जरा निराळ्या चालीनं दाखवणार आहे. गुडघेदुखीवाल्या बाईच्या चालीनं. म्हणजे थांबत थांबत, कठडा धरत, बसायला जागा कुठं आहे ते आधी हेरत. माझं वय बासष्ट. गुडघे दुखायला लागून दहा वर्षं झाली. तुमच्यापैकी निम्म्याजणी हे वाचता वाचता नकळत स्वतःचा गुडघा चोळत असतील, हे मला ठाऊक आहे. पण मी तेल-लेपाची कृती सांगायला बसलेले नाही. दुखणं गुडघ्यात असतं, पण ते हळूहळू डोक्यात कसं चढतं, आणि तिथून त्याला खाली कसं उतरवायचं, ते मला सांगायचंय.

गाव लहान झालं

आमचं घर साखर पेठेत. एके काळी माझं सोलापूर केवढं मोठं होतं! सोमवारी सिद्धेश्वर, मंगळवारी मधल्या मारुतीकडची खरेदी, श्रावणात मैत्रिणींबरोबर देवदर्शन, संक्रांतीत गड्ड्याची जत्रा, आणि महिन्यातून एकदा एस.टी.नं अक्कलकोट. तिथं माझी थोरली बहीण राहते. अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर.

मग एक दिवस डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “झीज झालीय. वयोमानाप्रमाणे होतंच.” त्यांनी आणखी बरंच सांगितलं असेल. माझ्या कानात राहिला तो एकच शब्द, झीज! आपण बायका संसारी. झिजणारी वस्तू कशी वापरायची हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. साबणाची वडी जपून वापरायची, चांगली साडी कपाटात ठेवायची. मी गुडघ्यांचंही तेच केलं. पावलांची काटकसर सुरू केली.

आधी देवळाच्या पायऱ्या गेल्या. मग मंडई गेली. मग गच्ची. चैत्रातलं हळदीकुंकू मी ‘बरं नाही’ म्हणून टाळू लागले. खरं कारण वेगळंच होतं. सतरंजीवर सगळ्याजणी मांडी घालून बसणार आणि मला एकटीला खुर्ची मागावी लागणार, याची लाज! उठताना दोन्ही हात जमिनीला टेकून, अंग आधी पुढं काढून उठावं लागतं. ते चारचौघींनी बघू नये असं वाटायचं. पाहुण्याच्या घरी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास असेल का? हा प्रश्न विचारायचा कुणाला? त्यापेक्षा न गेलेलं बरं.

आणि अशी एकेक करून दोन वर्षं अक्कलकोटची वारीही चुकली. बहिणीला दर वेळी नवं कारण. घरी पाहुणे आहेत, नातवाची परीक्षा आहे, गाडीला गर्दी असते. एकदा ती फोनवर म्हणाली, “खरं सांग, तुला मी नकोशी झालेय का गं?” मी हसून विषय बदलला. त्यानंतर तिचा फोन येईनासा झाला.

पायाचे गुडघे दुखत होते खरे. पण माझं गाव गुडघ्यांनी लहान केलं नव्हतं. ते माझ्या भीतीनं लहान केलं होतं. हे कळायला मात्र फार वेळ लागला.

आईचा ‘वात’

माझ्या लहानपणी सोलापूर गिरण्यांचं गाव होतं. गावातली जुनी गिरणी तर एकोणिसाव्या शतकातली. भोंग्यावर घरातली घड्याळं चालायची. पहाटेचा भोंगा झाला की आई उठायची, चुलीपुढं उकिडवी बसायची, पाटा-वरवंटा, धुणं, सारवण. दिवसभर उठबस चालायची. आता त्या गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. पण आईचं उठताना दारच्या चौकटीला धरणं अजून आठवतं.

“गुडघ्याला वात धरलाय,” एवढंच ती म्हणायची. वडीलधाऱ्यांसमोर पाय लांब करून बसणं वाईट, म्हणून ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कुणी नसताना, पाय पसरून बसायची. कुणाची चाहूल लागली की झटकन पाय आखडून घ्यायची. दुखणं लपवायचं असतं, हा धडा मी तिथंच गिरवला. तुम्हीही असाच कुठंतरी गिरवला असेल.

लपवण्याचा एक तोटा असतो. लपवलेलं दुखणं तोंडातून निघत नाही, मग ते स्वभावातून निघतं. मी चिडचिडी झाले. भांडं जोरात आदळणं, सुनेच्या पोळ्यांना नावं ठेवणं, रात्री दोन वाजता जागं राहून ‘आता पुढं काय’ याचा हिशेब मांडणं. झोप नीट नाही म्हणून सकाळी दुखणं जास्त, दुखणं जास्त म्हणून रात्री झोप नाही. हे जातं एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

पाणी आणून देणारी माणसं

घरच्यांनी काही कमी केलं का? मुळीच नाही. उलट फार केलं! मी कण्हले की सून धावत यायची, मुलगा मलम आणायचा, नातू पाय चेपायचा. माझ्या हातातला पेला काढून “आई, तुम्ही बसा” असं म्हणायची सून. पण ज्या दिवशी मी बरी असायचे, मुकाट्यानं उठून भाजी निवडायचे, त्या दिवशी माझ्याकडे कोण बघणार? जो तो आपल्या कामात.

पुढं फिजिओथेरपीच्या बाईंनी मला एका माणसाबद्दल सांगितलं. अमेरिकेत सिॲटलला विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. जुन्या दुखण्याच्या रोग्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९७६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की दुखलं की विश्रांती, औषध आणि मायेची माणसं मिळतात, आणि न दुखता काम केलं तर काहीच मिळत नाही. मग रोग्याच्या नकळत दुखणं घर करून बसतं. यात रोगी ढोंगी नसतो, घरचे वाईट नसतात. सवयच तशी लागते.

मला ते ऐकून आधी राग आला. म्हणजे मी नाटक करते की काय? दोन दिवस बाईंशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, “यापुढं मी कण्हले तर लगेच उठून येऊ नकोस. पण मी फाटकापर्यंत चालून आले तर मात्र चहा तू करायचास आणि माझ्याजवळ बसून प्यायचास.” ती बिचारी बावरली. पण तिनं ते पाळलं. खरं सांगू? आमच्या दोघींच्या मनमोकळ्या गप्पा सुरू झाल्या त्या चहापासून.

अक्काचे पाच कट्टे

आमच्या मागच्या गल्लीत एक विडी कामगार बाई राहतात. तेलुगू बोलणाऱ्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. सोलापुरात अशा हजारो बायका आहेत. शहराजवळ कुंभारीला फक्त विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदावरी परुळेकरांच्या नावाची, २००६ साली. यावरून तुम्हाला या कष्टकरी बायकांच्या संख्येची कल्पना येईल.

विडीचं काम म्हणजे बैठं काम. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि बोटं यंत्रासारखी चाललेली. दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. गुडघे दुमडून इतका वेळ बसायचं तर काय होणार? अक्काचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. तरी ती हिंडतेफिरते आणि मी पलंगावर! एकदा मी तिला विचारलंच, “अक्का, तुला दुखत नाही का गं?”

“दुखतंय की वहिनी. का दुखू नये?” ती म्हणाली. “पण मी त्याची वाट बघत नाही. पाच कट्टे झाले की उठते. दुखलं तरी उठते, नाही दुखलं तरी उठते. अंगणात एक चक्कर, मग परत बसते. दुखेपर्यंत बसलं की मग उठवत नाही बघा.”

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. पाच कट्टे म्हणजे सव्वाशे विड्या. अक्काचं घड्याळ हे!

मी काय करत होते? बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर झाडायचं, डबे घासायचे, पापड लाटायचे, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. मग पुन्हा बरं वाटेपर्यंत हलायचं नाही. म्हणजे केव्हा उठायचं आणि केव्हा बसायचं हे दुखणं ठरवायचं, मी नाही. अक्काच्या घरात ते विड्यांचा कट्टा ठरवतो. फोर्डाइससाहेबांचंही नेमकं हेच सांगणं होतं. दुखेपर्यंत काम करू नका, ठरल्याइतकं करा आणि थांबा. पुस्तक न वाचता अक्काला ते उमगलं होतं.

पावलं साठवता येत नाहीत

आता त्या ‘झीज’ शब्दाकडे वळू. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला समजावलं ते असं. गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. आपण पाऊल टाकलं की ती दाबली जाते, पाऊल उचललं की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातून तिला अन्नपाणी मिळतं. म्हणजे बसून राहिलं तर कूर्चा वाचत नाही, उपाशी राहते! शिवाय मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यावर येतो.

बघा, आपली काटकसर कशी अंगलट येते! साबण न वापरता ठेवला तर टिकतो. गुडघा न वापरता ठेवला तर नाही टिकत. पावलं डब्यात साठवून ठेवता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. एक्स-रेत झीज जास्त म्हणजे दुखणं जास्त, असा सरळ हिशेब नसतो. कुणाचा एक्स-रे भयंकर आणि बाई खुशाल जिना चढते; कुणाचा बरा आणि बाई रडकुंडीला येते. मलाही कुणीतरी दुर्बिणीनं गुडघा धुऊन घेण्याचा सल्ला दिला होता. पण अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रोग्यांवर एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २००२ साली आला. काहींचा गुडघा दुर्बिणीनं साफ केला, काहींचा नुसता धुतला, आणि काहींना फक्त वरवर छेद देऊन टाके घातले. कुणाला काय केलंय हे रोग्यांना सांगितलंच नाही. दोन वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत फरक नाही! म्हणजे दुखणं खोटं होतं का? नाही. पण ते फक्त हाडात नव्हतं, मनाच्या आशा-निराशेशीही त्याचं नातं होतं.

याचा अर्थ शस्त्रक्रिया नकोच असा मात्र काढू नका. सांधा पारच निकामी झाला असेल तर सांधेबदलानं कितीतरी जणी पुन्हा चालू लागल्या आहेत. पण नव्या गुडघ्यालाही चालवावंच लागतं, आणि भीती काही शस्त्रक्रियेत कापून काढता येत नाही.

तळ्याकाठी दोनशे पावलं

आता चला माझ्याबरोबर. रिक्षा होम मैदानाच्या बाजूला सोडू. समोर तळं, तळ्याच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ, आणि काठाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं होऊन गेले. हे तळं त्यांनी लोकांना बरोबर घेऊन, श्रमदानानं खोदलं असं सांगतात. योगी पुरुष, पण हातात कुदळ! कष्ट हीच पूजा मानणाऱ्या शरणांची ती परंपरा.

माझी सुरुवात इथून झाली. पहिल्या दिवशी दोनशे पावलं. मोजून. दोनशेव्या पावलाला मला वाटलं, आणखी शंभर सहज जमतील. पण ठरल्याप्रमाणे थांबले, बसले, पाण्यावरचे पक्षी बघितले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी गुडघे ठणकले तरीही दोनशेच. कमी नाही, जास्त नाही. आठवडा झाला की वीस पावलं वाढवायची. वीस म्हणजे किती, तर भाजीवालीपासून पानवाल्यापर्यंत! हसू नका. तीन महिन्यांनी मी काठाकाठानं चालताना पावलं मोजायला विसरले, तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

पहिल्या आठवड्यात भीती किती वाटली म्हणून सांगू! प्रत्येक कळ आली की ‘मोडलं काहीतरी’ असं वाटायचं. बाईंनी एक खूण सांगितली होती. चालल्यावर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वीइतकं उतरलं तर काळजी नाही. उतरलं नाही तर पावलं थोडी कमी करायची, पण बंद नाही करायची. दुखणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्याला पटलं तरी पायाला पटायला महिना लागला.

अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग नावाच्या बाईंनी संधिवाताच्या रोग्यांसाठी वर्ग सुरू केले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. शिकवणारे स्वतःही बहुधा संधिवाताचेच रोगी. रोग्यांना बरं वाटू लागलं, पण का, हे शोधताना त्यांना गंमत दिसली. कुणी व्यायाम किती केला यापेक्षा ‘हे मला जमेल’ हा भरवसा कुणात वाढला, त्यावर दुखणं कमी होणं जास्त अवलंबून होतं. माझी दोनशे पावलं म्हणजे असा भरवशाचा भिशीचा हप्ता होता म्हणा ना!

अडुसष्टांची यादी

सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली. संक्रांतीच्या यात्रेत पहिल्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक या लिंगांना तैलाभिषेक घालायला निघते. भाविक एरवीही त्यांची प्रदक्षिणा करतात. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंबरोबर मीही चालले होते. आता एका दिवसात ते शक्य नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिथं मी पूर्वी ‘मग राहूच दे’ म्हटलं असतं. या वेळी वहीत एक ते अडुसष्ट आकडे घातले आणि ठरवलं, आठवड्याला एक, फार तर दोन. घाई नाही.

मैत्रिणींनो, या वहीनं मला माझंच गाव नव्यानं दाखवलं. कुठलं लिंग घरांच्या दाटीत, शेजारी वाळत घातलेलं धुणं. कुठलं झाडाखाली. कुठलं वर्दळीच्या रस्त्यावर, ज्याच्या पुढून मी शंभरदा गेले होते आणि कधी वळून पाहिलं नव्हतं. एखाद्या ठिकाणी पत्ता विचारावा तर सांगणारी आजी कानडीत बोलायची, पोरगा तेलुगूत आणि रिक्षावाला दोन्हींत मराठी मिसळून! “कुठं निघालाव मावशी? बसा, पाणी प्या.” आणि बसा म्हटलं की मी आता लाज न बाळगता म्हणायचे, “खाली नाही, खुर्ची असेल तर द्या.” अडुसष्ट ठिकाणी मागितली. एकदाही कुणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी हसलंही नाही. ज्या खुर्चीपायी मी दोन वर्षं हळदीकुंकू टाळलं, ती प्रत्येक घरात होतीच की हो!

चाळीस लिंगं झाल्यावर मी बसस्टँड गाठला. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण पहिली पायरी काही अर्धी केलेली नाही! चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा मंत्र म्हणत चढले. अक्कलकोटला बहिणीच्या दारात उभी राहिले. ती दार धरून बघतच राहिली. मी म्हटलं, “ताई, मी खोटं बोलत होते. गुडघे दुखतात. तुला सांगायची लाज वाटत होती.” ती काही बोलली नाही. आत गेली आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. मग स्वतः दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि साडी थोडी वर करून गुडघ्याचा पट्टा दाखवला. तिचेही गुडघे दुखत होते! तीही मला सांगत नव्हती. आम्ही दोघी हसलो आणि नंतर थोड्या रडलोही.

घरात केलेले चार बदल

आता थोडं कामाचं.

• सकाळी उठल्याबरोबर जमिनीवर पाय टेकू नका. आधी अंथरुणातच गुडघा सरळ करून मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. दहा वेळा. मग एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, खाली ठेवायचा. मांडी घट्ट तर गुडघा निश्चिंत.

• स्वयंपाकघरात एक उंच स्टूल ठेवा. भाजी निवडणं, कणीक मळणं हे खाली बसून करायलाच हवं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. संडासात भिंतीला धरायला कठडा बसवून घ्या. खर्च थोडा, धीर मोठा.

• काठी घ्यायची वेळ आली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. काठी म्हणजे म्हातारपणाची पाटी नव्हे, बाहेर जायचं तिकीट आहे.

• वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. हे ऐकल्यापासून मी रात्रीची भाकरी अर्धी केली. शेंगांची चटणी मात्र सोडली नाही, थोडी कमी केली इतकंच!

गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, पाय अडकून सरळच होईना किंवा रात्री दुखण्यानं जाग येऊ लागली, तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांना गाठा. बोटांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळी तासभर अंग आखडत असेल तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधं निराळी.

अक्षता

अडुसष्टावं लिंग पुरं व्हायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. सासूबाईंनी एका दिवसात केलेलं काम! पण त्याचं वाईट नाही वाटलं.

दिवाळी उलटली की सोलापुरात नंदीध्वजाचा सराव सुरू होतो. पांढरी बाराबंदी घालून यात्रेत तो उंच ध्वज पेलताना तुम्ही लोकांना पाहिलंत तर वाटेल, ही दैवी ताकद. पण त्यामागं कित्येक रात्रींचा सराव असतो. काठी थोडी थोडी, रोज रोज पेलायची. एका रात्रीत कुणी तो ध्वज उचलत नाही. मला ते पाहून दर वेळी माझी दोनशे पावलं आठवतात.

यंदाच्या संक्रांतीत बहीण अक्कलकोटहून आली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येची ती कथा. तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. त्या लग्नाला सारं गाव अक्षता घेऊन येतं. आम्ही दोघी लवकर निघालो, दोन घडीची स्टुलं बरोबर घेतली आणि गर्दीच्या कडेला झाडाशी बसलो. पुढचं फारसं दिसत नव्हतं. सुनेनं मधेच विचारलं, “आई, दुखतंय का?” मी म्हटलं, “दुखतंय.” ती “बरं” म्हणाली आणि शेजारी उभी राहिली. घरी चला म्हणाली नाही.

मग एकाच वेळी हजारो हात वर झाले आणि आमच्या डोक्यांवर तांदूळ पडले. माझ्या मांडीवर पडलेले चार दाणे बहिणीनं उचलून माझ्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी गुडघे दुखणार हे माहीत होतं. म्हणून त्या दिवशीची कामं मी आदल्या दिवशीच अर्धी करून ठेवली होती.

तुमच्या गावातही एखादं तळं असेल, देऊळ असेल, बाजाराचा रस्ता असेल, जिथं तुम्ही हल्ली जात नाही. उद्या तिथं जा असं मी म्हणत नाही. उद्या फक्त फाटकापर्यंत जा. पावलं मोजा, ठरलेल्या आकड्याला थांबा. आणि घरी आल्यावर कुणाला तरी शेजारी बसवून चहा प्या.